पाहुण्यांपुरता स्टूल

मित्रांनो, मी एक जुना स्टूल आहे. चार पाय आणि वर एक गोल फळी, एवढाच माझा संसार. पाठ टेकायला काही नाही, हात ठेवायला काही नाही. त्यामुळे खुर्च्या मला आपल्यात धरत नाहीत, आणि बाकं तर माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्याचं मला काही वाटत नाही. मला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि तीच गोष्ट सांगायला मी आज बसलो आहे. स्टुलाला बसता येत नाही हे मलाही ठाऊक आहे. बोलायची पद्धत तशी आहे, तेव्हा उगाच हसू नका.

एका सुताराने मला बनवलं. मला एकट्याला नव्हे, आम्ही चाळीस भावंडं एकदमच जन्माला आलो. काम घाईचं होतं. लाकूड बरं होतं, सुताराचा हातही चांगला होता, पण घाई ती घाईच. माझा एक पाय किंचित आखूड राहिला. सुताराने मला जमिनीवर ठेवून हलवून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि मग सरळ माझ्यावर बसून चहा प्यायला. चहा संपल्यावर ‘चालतंय की’ असं पुटपुटत त्याने मला इतरांच्या ओळीत ढकललं. माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस. किती बरं वाटलं मला! आपण कशासाठी जन्माला आलो हे इतक्या लवकर कळणं काही सगळ्यांच्या नशिबात नसतं. पुढची कितीतरी वर्षं मी त्या एका चहाची आठवण काढत दिवस ढकलले.

आम्हाला टेम्पोत घालून एका कारखान्यात नेलं. तिथे शर्ट तयार व्हायचे. भलामोठा हॉल, एका बाजूला शिलाईच्या मशीनींच्या रांगा, मध्ये इस्त्रीची टेबलं, आणि अगदी टोकाला दोरे कापायची टेबलं. शिवून झालेल्या शर्टाला जागोजागी दोऱ्यांची टोकं लोंबत असतात, ती छोट्या कात्रीने कापावी लागतात. दोरे कापायचे, डाग आहे का बघायचं, बटण ओढून बघायचं आणि शर्ट पुढे सरकवायचा. हे काम चाळीस बायका करायच्या आणि सगळ्याजणी उभ्याने करायच्या. सकाळी आल्या की उभ्या, संध्याकाळी जाईपर्यंत उभ्या. मध्ये डबा खायला टेकतील तेवढंच. त्या चाळीस आणि आम्हीही चाळीस! मी मनात म्हटलं, झकास, एकीला एक. पण कशाचं काय! टेम्पोतून आम्हाला उतरवलं ते थेट शिडीने माळ्यावर चढवलं.

हा माळा त्या टेबलांच्या बरोबर डोक्यावर होता. पुढे नुसता लाकडी कठडा, बाकी सगळा उघडा. आमच्या सोबतीला चिंध्यांची पोती, रिकामे खोके आणि दोन उंदीर. पण तिथून खालचं सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. म्हणून हॉलमधलं जे जे मी सांगेन ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. घरचं आणि बाकीचं जे सांगेन ते बायकांनी हात चालवता चालवता एकमेकींना सांगितलेलं आहे. त्या टेबलावर कोणाचं काही लपून राहायचं नाही.

आता तुम्ही विचाराल, वापरायचेच नव्हते तर चाळीस स्टूल केले कशाला? त्याचं उत्तर म्हणजे पाहुणे. हे शर्ट विकत घेणारी एक मोठी कंपनी होती, लांबची. तिची माणसं मधूनमधून कारखाना बघायला यायची. कामगारांना नीट वागवतात का, हवा आहे का, पाणी आहे का, बसायला आहे का, असं सगळं बघायची. त्यांना सगळे पाहुणेच म्हणत. पाहुणे यायच्या सकाळी सुपरवायझर गळ्यातली शिट्टी फुंकायचा. ती शिट्टी त्याच्या गळ्यात कायम असायची, म्हणून त्याच्यामागे सगळे त्यालाच शिट्टी म्हणायचे. शिट्टी वाजली की बायका ओळीने यायच्या, आम्हाला खाली उतरवायच्या, फडक्याने पुसायच्या, टेबलांशी मांडायच्या आणि बसायच्या. पाहुणे यायचे, माना डोलवायचे, आमचे फोटो काढायचे. त्यांची गाडी गेटबाहेर पडली की पुन्हा शिट्टी, आणि आम्ही जसे आलो तसे माळ्यावर. इतकी सवय झाली होती सगळ्यांना की कोणी त्यावर एक शब्द काढत नसे.

गंमत म्हणजे ती टेबलं उभ्याने काम करायच्या उंचीची होती. आमच्यावर बसलं की टेबल हनुवटीपाशी यायचं. मग पाहुण्यांसमोर बायका हात वर करकरून दोरे कापायच्या, लहान मुलं फळीवरचा डबा चाचपडतात तशा. पाहुण्यांच्या हे कधी लक्षात आलं नाही. फोटो मात्र छान आले असणार. तसं बघितलं तर माझं कौतुक पुष्कळ झालं, पण सुताराच्या त्या चहाची सर त्या कौतुकाला कधी आली नाही.

आता माणसांची ओळख करून देतो. त्या टेबलावर दोन जावा काम करायच्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली उंच, कामात काटेकोर आणि जिभेने तिखट. धाकटी हसरी आणि थोडी वेंधळी. दोघींचं फारसं पटत नसे. देवाकडून हिला डोकं द्यायचं राहून गेलं, असं थोरली म्हणायची. ताईंना दोन मिळाली आहेत ना, मग घरात भागतंय की, असं धाकटी म्हणायची. आणि सगळं टेबल हसायचं. पाहुण्यांच्या दिवशी माझ्यावर बहुतेक थोरलीच बसायची. बसताना ती ‘आई गं’ म्हणायची, आणि ते इतकं आतून यायचं की माझा आखूड पायसुद्धा मी डुगडुगू द्यायचो नाही.

पुढे धाकटीला दिवस गेले, आणि थोरलीचा सूरच बदलला. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी धाकटीचं एक मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळे या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून बजावलं की दिवसभर उभं राहायचं नाही. बसून काम करता येत असेल तर करा, नाहीतर घरी राहा. घरी राहायची सोय नव्हती. दोघींच्या नवऱ्यांपैकी एकाचं काम सुटलं होतं आणि घर या दोघींच्या कात्र्यांवर चाललं होतं.

थोरली शिट्टीकडे गेली आणि धाकटीसाठी एक स्टूल मागितला. शिट्टी म्हणाला की स्टूल पाहुण्यांसाठी आहेत. एकीला दिला तर बाकीच्याही मागतील, आणि बसलं की हात मंदावतात. हे त्याने स्वतःच्या खुर्चीत बसून सांगितलं. वर हेही सांगितलं की बसायचंच असेल तर घर मोकळं आहे, गेटबाहेर कामाला यायला बायका रांगेत उभ्या आहेत. मी वर कठड्यापाशीच होतो. चार पाय असून मला एक पायरी उतरता येत नव्हती. त्या दिवशी मला माझ्या लाकूडपणाचा खरंच राग आला.

मग थोरलीने होयबाला गाठलं. हा होयबा म्हणजे आमचा कामगार प्रतिनिधी. कामगारांच्या वतीने मालकाशी बोलायला कामगारांनी निवडलेला माणूस असावा लागतो, असं पाहुण्यांचं म्हणणं असायचं. आमच्याकडे तो साहेबांनी निवडला होता. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. खोके बांधणाऱ्यांतला हा एक गरीब स्वभावाचा माणूस. साहेब विचारायचे, सगळं ठीक आहे ना? तो होय म्हणायचा. दुसरं काही त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून ते नाव. माणूस वाईट नव्हता हो, भित्रा होता, आणि केबिनमध्ये जायला मिळतं याचंच त्याला अप्रूप होतं. मीटिंगमध्ये विषय काढतो, असं तो थोरलीला म्हणाला. मीटिंगमध्ये तो दाराशी उभा असतो आणि दोन मिनिटांत बाहेर येतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी थोरली युनियनच्या ऑफिसात गेली. ऑफिस कसलं, सायकलच्या दुकानावरची एक खोली. तिथे एक म्हातारा शिंपी बसायचा. सगळा जन्म मशीनवर गेल्यामुळे त्याची पाठ वाकली होती. त्याने तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तू एकटीने मागितलंस म्हणून ओरडा खाल्लास. आधी तुमच्यातल्या बायकांना युनियनमध्ये आणा आणि तुमचा माणूस तुम्ही निवडा. थोरलीने हे टेबलावर सांगितलं तेव्हा बऱ्याचजणींनी आधी शिट्टी कुठे आहे ते बघून घेतलं. तिकडे गेल्याचं कळलं तर उद्या गेट बंद, ही भीती सगळ्यांनाच होती. तरी एकेक करून त्या जायला लागल्या. भाजी आणायला म्हणून निघायच्या आणि सायकलच्या दुकानाचा जिना चढायच्या.

आणि मग एक दिवस पाहुणे आले. या वेळी एकच पाहुणीबाई होती, चष्मा लावलेली, कमी बोलणारी. नेहमीप्रमाणे शिट्टी वाजली, आम्ही उतरलो, पुसलो गेलो, मांडले गेलो. मी धाकटीच्या वाट्याला आलो. पाहुणीबाई टेबलाशी आली, तिने शर्ट पाहिले, आम्हाला पाहिलं, हसली आणि इस्त्रीच्या टेबलांकडे वळली. तिची पाठ वळलेली दिसली आणि धाकटीला वाटलं, झालं, गेली ही. ती उठली, मला कमरेवर घेतलं आणि शिडीकडे चालू लागली. तिला बघून शेजारच्या दोघी उठल्या. शिट्टीने ते पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांना थांबवायला त्याने घाबरून शिट्टी फुंकली.

आता शिट्टी वाजली की स्टूल उचलायचे, हे इतकी वर्षं त्यानेच तर शिकवलं होतं. उरलेल्या सगळ्या बायका एका क्षणात उठल्या. चाळीस स्टूल चाळीस कमरांवर चढले आणि शिडीपाशी ओळ लागली. शिट्टी आणखी जोरात फुंकायला लागला तशा त्या आणखी भराभर चढवायला लागल्या. पाहुणीबाई वळून बघत राहिली. मग ती ओळीच्या पुढे आली आणि धाकटीला शांतपणे विचारलं की हे कुठे नेताय?

धाकटीने तोंडभर हसून सांगितलं, “वर. तुमचं बघून झालं ना?”

मी धाकटीच्या कमरेवर होतो, तिने मला एकदम घट्ट धरलं. आपण काय बोलून बसलो ते तिच्या आता लक्षात आलं होतं. पाहुणीबाई रागावली नाही. तुमच्या वतीने बोलतं कोण, असं तिने विचारलं. होयबा पुढे आला. याला कोणी निवडलं, असं तिने बायकांना विचारलं. मग मागून थोरलीचा आवाज आला.

“साहेबांनी. त्याची काही चूक नाही, पण त्याला आम्ही निवडलेलं नाही.”

पाहुणीबाई त्या दिवशी बराच वेळ केबिनमध्ये होती. बाहेर आलं ते असं की महिन्याभरात कामगारांनी आपला प्रतिनिधी स्वतः निवडायचा, युनियनच्या माणसाला आत येऊ द्यायचं आणि या प्रकारावरून कोणालाही कामावरून काढायचं नाही. नाहीतर शर्टांचं काम दुसरीकडे जाईल. साहेबांनी मान्य केलं, कारण काम मोठं होतं. स्टूल मात्र माळ्यावरच राहिले. त्यांच्याबद्दल नव्या प्रतिनिधीशी बोलणी करू, एवढंच साहेब म्हणाले होते. धाकटी उभीच होती, आणि आता तिचं पोट दिसायला लागलं होतं.

निवडणूक डबे खायच्या खोलीत झाली. थोरली एका बाजूला, होयबा दुसऱ्या बाजूला. शिट्टीने आधी दोन दिवस टेबलाटेबलाशी जाऊन समजावलं होतं की ही बाई भांडकुदळ आहे, हिच्या नादी लागाल तर कारखाना बंद पडेल. बायकांनी ऐकून घेतलं आणि आपलं तेच केलं. होयबाला एकच मत पडलं, आणि ते आपलं नव्हतं असं तो आजही शपथेवर सांगतो. त्याने सगळ्यांच्या आधी जाऊन थोरलीचं अभिनंदन केलं. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा दिसत होता बिचारा.

बोलण्यांच्या पहिल्या दिवशी थोरली जिना चढून केबिनमध्ये गेली आणि लगेच परत आली. आम्ही वरून बघत होतो. मला वाटलं, झालं, हिलाही दोन मिनिटांत वाटेला लावलं. पण ती तडक शिडीपाशी आली, माळ्यावर चढली आणि कठड्याजवळ मी होतो तर मलाच उचललं. मला घेऊन ती अख्ख्या हॉलमधून चालत गेली. मशीनी चालू होत्या, पण मशीनवरच्या बायकांच्या माना आमच्याबरोबर वळत होत्या. केबिनमध्ये तीन खुर्च्या होत्या. एकीत साहेब, एकीत शिट्टी, एकीत हिशेबनीस. चौथी खुर्ची तिथे कधीच नव्हती. थोरलीने मला साहेबांच्या टेबलासमोर ठेवलं आणि बसली. मी नेमका डुगडुगलो. तिने आपला पाय जमिनीवर घट्ट रोवला आणि मला सावरलं.

हे काय, असं साहेबांनी विचारलं.

“साहेब, बोलायला वेळ लागेल,” थोरली म्हणाली. “उभ्याने पाय भरून येतात. आता बोला, मी ऐकते.”

साहेबांनी शिट्टीकडे पाहिलं. पण बसलेल्या माणसाला घालवायचं कसं, ते त्यांना सुचेना. मग बोलणं सुरू झालं. थोरलीने काय हवं ते सांगितलं. स्टूल कायमचे खाली ठेवायचे. बसून काम होईल एवढी टेबलं उतरवायची. आणि बाळंतपणाला गेलेल्या बाईची जागा तिच्यासाठी ठेवायची. साहेब हुशार होते. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी चहा मागवला, तिच्यासमोरही एक कप ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघा, तुमच्या जावेची अडचण मला कळते. तिला आजपासून स्टूल देतो. तिची जागाही ठेवतो. बाकीचं पुढे बघू. विषय संपवा.”

मित्रांनो, तो क्षण मी कधीच विसरणार नाही. ज्याच्यासाठी ती इतके दिवस दारोदार फिरली, ते समोर ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तिचा भार माझ्यावर पुढे सरकला, ती जवळजवळ उठलीच होती. चहा तसाच निवत राहिला. मग ती पुन्हा माझ्यावर नीट बसली आणि हळू आवाजात बोलली.

“आज हिचं पोट दिसतंय म्हणून हिला स्टूल. उद्या दुसरीचं दिसेल, ती कोणाची जाऊ असेल साहेब? मला सगळ्यांनी मिळून इथे पाठवलंय. एकीचं घेऊन मी खाली जाऊ शकत नाही.”

साहेब म्हणाले, मग राहू द्या. बोलणं तिथेच तुटलं. शिट्टीने मला परत माळ्यावर नेऊन टाकलं, आणि नेताना दोनदा भिंतीवर आपटलं.

खरी कठीण गोष्ट त्यानंतर होती. साहेब काय देत होते आणि थोरलीने काय नाकारलं, हे शिट्टीने मुद्दाम धाकटीच्या कानावर घातलं. धाकटीने थोरलीशी बोलणंच टाकलं. घरात नाही, टेबलावर नाही. तिखट नाही, गोड नाही, काहीच नाही. दोघी शेजारीशेजारी उभ्या राहून दोरे कापायच्या आणि मध्ये जणू भिंत. एकदा फक्त धाकटी म्हणाली की याही वेळी काही झालं तर तुम्हाला झोप लागेल का? थोरलीने पुढचा शर्ट ओढून घेतला. तिला तशीही झोप लागत नव्हती. शेजारणीला तिने सांगितलं की आपण चुकलो की बरोबर वागलो, हेच तिला कळेनासं झालं आहे. मलाही कळत नव्हतं, खरं सांगतो. वरून बघताना मला दोघींचं पटायचं आणि दोघींची काळजी वाटायची.

एका दुपारी धाकटीने कात्री खाली ठेवली, एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्याने टेबल धरलं. चेहरा पांढरा पडला होता. थोरलीने ते पाहिलं आणि आपलीही कात्री ठेवली. ते बघून शेजारणीने ठेवली, मग तिच्या पलीकडच्या बाईने. कोणी कोणाला सांगितलं नाही. बघता बघता चाळीसही कात्र्या टेबलावर आल्या आणि चाळीस बायका हात थांबवून उभ्या राहिल्या. शिट्टीने शिट्टी फुंकली. त्या शिट्टीने त्यांना इतकी वर्षं उठवलं होतं, बसवलं होतं, चढवलं होतं, उतरवलं होतं. त्या दिवशी एकही जागची हलली नाही. धाकटीचा श्वास जागेवर आला, तिने कात्री उचलली, तेव्हा सगळ्यांनी उचलली.

मग हे रोजचंच झालं. धाकटी थकली की सगळं टेबल थांबायचं. दोरे कापले नाहीत तर इस्त्री होत नाही, इस्त्री नाही तर घडी नाही, घडी नाही तर खोका नाही. इस्त्रीवाले येऊन हात बांधून उभे राहायला लागले. होयबा रिकाम्या खोक्यांशेजारी बसून राहायचा, आणि साहेबांनी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं तेव्हा तो जन्मात पहिल्यांदा ‘नाही साहेब’ म्हणाला. म्हणताना त्याचे कान लाल झाले होते, पण म्हणाला.

साहेबांनी थोरलीला पुन्हा बोलावलं. या वेळी युनियनचा म्हातारा शिंपीही बरोबर होता, आणि केबिनमध्ये दोन खुर्च्या आधीच जास्त ठेवलेल्या होत्या. त्यामुळे मला काही जाता आलं नाही. पण बाहेर आल्यावर थोरलीने जिन्यावरूनच सगळ्यांना सांगितलं की मान्य झालं. स्टूल खाली येणार, टेबलांचे पाय कापणार आणि बाळंतिणीची जागा राहणार. टाळ्या वाजल्या, मशीनी थांबल्या. धाकटीने मान खाली घातली आणि समोरच्या शर्टाचे दोरे कापत राहिली.

सुट्टीच्या दिवशी सुतार येऊन टेबलांचे पाय कापून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या तेव्हा आम्ही चाळीस भावंडं टेबलांशी मांडलेलो होतो. काय अभिमान वाटत होता मला! पण गंमत अशी झाली की कोणी बसेचना. शिट्टी वाजल्याशिवाय बसायचं कसं, हे कोणाला माहीतच नव्हतं. सगळ्याजणी आपापल्या स्टुलामागे अवघडून उभ्या. एकमेकींकडे बघत होत्या आणि ओशाळल्यासारखं हसत होत्या.

तेव्हा धाकटी हलली. तिने मला दोन्ही हातांनी धरलं, ओढत नेलं आणि थोरलीच्या मागे ठेवलं. कितीतरी दिवसांनी ती तिच्याशी बोलली.

“ताई, आधी तुम्ही बसा.”

अगं तुझ्यासाठीच तर, एवढंच थोरली म्हणाली. ती बसली. या वेळी ‘आई गं’ नाही म्हणाली. तिने तोंडावर रुमाल धरला आणि रडली, सगळ्यांसमोर, अगदी मोकळेपणी. धाकटी दुसरा स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग एकामागून एक सगळ्या बसल्या. टेबल आता त्यांच्या कोपरांशी येत होतं.

धाकटीला मुलगी झाली, धडधाकट. काही महिन्यांनी धाकटी कामावर परत आली तेव्हा तिची जागा तिच्यासाठी रिकामी होती. दोघी जावा अजून भांडतात, पण तोंडाने भांडतात, ते बरं असतं. मी आता म्हातारा झालो आहे. माझी फळी मध्ये खोलगट झाली आहे, कडा गुळगुळीत झाल्या आहेत. स्टुलाला याहून जास्त काय हवं असतं?

तर मित्रांनो, जाता जाता एकच मागणं. तुमच्या अंगातल्या शर्टाचे दोरे कोणीतरी कापलेले असतात. ती बसून कापते की उभ्याने, हे तुम्ही मोठे झालात की विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पण त्यासाठी मोठं व्हायचीही गरज नाही. आज संध्याकाळी घरी गेलात की बघा, कोणीतरी सकाळपासून उभं असेल. आई असेल, काकू असेल, आजी असेल. तिला बसायला हवंय का, असं विचारू नका, ती नकोच म्हणेल. मुकाट्याने एक स्टूल नेऊन तिच्यामागे ठेवा, आणि ती बसेपर्यंत तिथून हलू नका.